डोळ्याला न कळणारं

बुरोंडीच्या बाजारात दमयंतीचं फोटोचं दुकान आहे. दुकान कसलं, दहा बाय आठची खोली. पण त्या खोलीत पडदा, दिवे, संगणक, छपाईचं यंत्र, फ्रेमांच्या पट्ट्या आणि पासपोर्ट फोटोला येणाऱ्यांसाठी कंगवा, पावडर नि एक काळा कोट, एवढं सगळं मावतं आणि वर तिघांना बसायला जागा उरते. कोट गावातल्या कुठल्याही पुरुषाला होतो. मागून चिमटे लावून आवळायचा, समोरून माणूस साहेब दिसतो.

जागा वाचवणं हे दमयंतीच्या रक्तातच होतं म्हणा ना. तिचा बाप पोफळीच्या वीजघरात कामाला, कॉलनीत दोन खोल्या आणि भावंडं पाच. तिथे कपड्यांची घडी घालायची नाही, गुंडाळी करायची. जेवणाचं ताट धुतलं की खाटेखाली सरकवायचं. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन ती बुरोंडीला आली. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता, पण त्याला माणसांपेक्षा आंब्याची कलमं प्यारी. कलमं ऐन वेळी डोळे मिटत नाहीत, हे त्याचं म्हणणं. तो बागेत रमला आणि दमयंतीने कॅमेरा गळ्यात घातला तो आज तीस वर्षं उतरवलेला नाही. आजूबाजूच्या पाच गावांतली लग्नं, बारशी, साखरपुडे तिनेच टिपले. तिच्या जागा वाचवायच्या स्वभावाची गावात थट्टा चाले. दमयंतीवयनीच्या दुकानात वारादेखील आडवा होऊन शिरतो, असं लोक म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. उलट जरा अभिमानच होता.

गेल्या श्रावणात, नारळी पौर्णिमेला दहा दिवस राहिले असताना, हौसा दुकानात आली. हौसा मासे विकते. तिचा नवरा बाबू आठ वर्षांपूर्वी काविळीने गेला, तेव्हा मुलगी शमिका वर्षाची होती. आता दीर सर्वेश आणि हौसा यांनी मिळून नवी बोट घेतली होती आणि पौर्णिमेला ती पाण्यात जायची होती. त्यांच्या भावकीत रीत अशी, की नवी बोट काढली की घरातल्या गेलेल्या कर्त्या पुरुषाचा फोटो केबिनीच्या पाठीवर लावायचा. बोट निघाली की किनाऱ्यावरच्या माणसांकडे त्याचं तोंड राहतं.

"चार फूट उंच पायजे," हौसा म्हणाली आणि तिने मोबाइल पुढे केला. "आन् वयनी, भुवईवरचा वण दिसला पायजे हां. गळाची गरी लागलेली त्याला. त्याच्याबिगर तो तो नव्हंच."

फोटोत बाबू पंगतीत वाढत होता. हातात वरणाची बादली, मान वळवून कुणाकडे तरी बघून खळखळून हसलेला. सर्वेशच्या लग्नातला फोटो, दमयंतीनेच काढलेला. स्टेजवरचे निवडून अल्बम झाला, त्यात हा आला नाही; सगळ्या फोटोंचा पेनड्राइव्ह दिला होता, त्यावरून हा मोबाइलवर गेला. बाबूचा तेवढाच एक धड फोटो होता. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बमात मुंडावळ्यांखाली एक घाबरलेला पोरगा होता, वण त्यानंतरचा. आणि आधारकार्डावर तर भलाभला माणूस पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो.

दमयंतीने तो मोबाइलवरचा फोटो संगणकावर घेऊन मोठा केला. बाबूच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. गाल म्हणजे तीन फिकट फरश्या, भुवई म्हणजे एक काळपट फरशी. कानाच्या कडेने तर नसलेल्या रेघांची भुतं उठली होती.

"ह्ये काय झालं?" हौसा घाबरली. "आमी तर किती जपलाय. दर वर्षी त्याच्या तिथीला ग्रुपवर टाकतो. फुलांची चौकट लावतो. माझा मोबाइल बिघडला तर जाईल म्हणून जावेकडे ठेवला, जावेकडनं नणंदेकडे."

आणि खरी गोम तिथेच होती. या बायांनी फोटो जपला तो लोणच्यासारखा, दर वर्षी बरणी बदलून. एकीने चौकट लावली, दुसरीने ती कापून काढली, तिसरीने स्क्रीनवरचाच फोटो काढून ठेवला. नुसता पुढे पाठवून एवढं बिघडत नाही. पण दर कापणीला, दर चौकटीला तो नव्याने बनतो आणि नव्याने बनताना काहीतरी टाकतो.

"टाकतो म्हंजे? कोण टाकतो?"

दमयंतीला शिकवायची हौस दांडगी. गिऱ्हाईक नसलं की ती पासपोर्ट फोटोला आलेल्यालाही प्रकाशाचे धडे देते. तिने स्टूल ओढलं.

"मला सांग, पहाटे लिलावात पापलेट लांबून ओळखतेस, ती रंगावरून की चकाकीवरून?"

"चकाकीवरनं. रंग कुठं दिसतो तेव्हा?"

"हां. डोळा उजेड-अंधाराला तिखट, रंगाला मठ्ठ. हे जेपीजी म्हणतात ना फोटोला, त्याला ते पक्कं ठाऊक आहे. तो आधी उजेड वेगळा काढतो नि रंग वेगळा. उजेड ठिपक्या-ठिपक्याचा ठेवतो. रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. तुझ्या डोळ्याला पत्ता लागत नाही."

"लबाड हाय."

"पुढे ऐक. मग तो सगळ्या फोटोचे बारके चौकोन पाडतो. आठ ठिपके आडवे, आठ उभे. आणि एकेका चौकोनात ठिपके मोजत बसत नाही, लाटा मोजतो."

लाटा म्हटल्यावर हौसा सावरून बसली. हा तिच्या घरचा विषय.

"समुद्रावर एक मोठी लाट असते, संथ," दमयंती हात वरखाली करत म्हणाली. "तिच्या अंगावर छोटी लाट. तिच्या अंगावर वाऱ्याची बारीक शिरशिरी. सगळं मिळून पाणी दिसतं. तसं प्रत्येक चौकोनात आधी सरसकट उजेड किती ते लिहायचं, मग संथ लाट किती, मग जरा घाईची, असं करत अगदी शिरशिरीपर्यंत. चौसष्ट प्रकार ठरलेले आहेत. कुठलाही चौकोन त्यांच्या बेरजेतून बनतो. इथवर काही हरवत नाही बरं का. हरवतं ते पुढे. पुढे जाळं येतं."

"कसलं जाळं?"

"ज्याच्या आसाच्या भोकातून शिरशिरी गळून जाते असलं. प्रत्येक लाटेचा आकडा एका ठरलेल्या आकड्याने भागायचा आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. मोठ्या लाटांना छोटा आकडा, बारीकांना मोठा. बारीक बिचाऱ्या भागल्या की शून्यच उरतात. आस केवढा ठेवायचा ते आपल्या हातात. लहान ठेवलास तर बारीक मासळीसुद्धा राहते, फोटो जड होतो. मोठा ठेवलास तर फक्त मोठी मासळी."

"आन् गेलेली?"

"गेली. मग उरतात त्यांची नावं थोडक्यात लिहायची. इतकी शून्यं, मग हा आकडा, मग इतकी शून्यं. जे आकडे वरचेवर येतात त्यांना आखूड नाव द्यायचं. गावात ज्याला दिवसातून वीसदा हाक मारावी लागते त्याचं बाबू होतं, बघ तसं. त्याच्यामुळे जागा वाचते, हरवत काही नाही. हरवतं ते फक्त जाळ्यात."

हौसाने पडद्यावरच्या काळपट फरशीकडे बघितलं. "म्हंजे वण ती शिरशिरी."

"वण, सुरकुत्या, दाढीचे खुंट. सगळं तेच."

हौसाचे डोळे भरले. तेव्हा दमयंती जे बोलायचं नव्हतं ते बोलून बसली. "अगो, रडतेस कशाला? मूळ फोटो माझ्याकडे आहे. मी काढलाय. त्यात वणाचा टाकासुद्धा दिसेल, चल."

हौसा हलकी होऊन गेली. संध्याकाळी तिने दुकानात कोलंबी पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दमयंतीने सर्वेशच्या लग्नाचं खातं उघडलं. पंगतीचा फोटो मिळाला. तिने तो मोठा केला आणि चौकोन उठले. मोबाइलवरच्या इतके नाहीत, पण चौकोनच. चेहऱ्याला आडवे दहा चौकोन. डावी भुवई तीन चौकोनांत, उजवी भुवई तीन चौकोनांत, आणि दोन्ही नुसत्या काळ्या पट्ट्या.

तिने फोटोचं वजन बघितलं. कॅमेऱ्यातून निघाला तेव्हा सहा एमबीचा असणार. आता त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढाही नव्हता. आणि मग तिला ती दुपार आठवली. सहा-सात वर्षं झाली असतील. डिस्क भरली होती. दुसरी आणायची तर ती टेबलावर कुठे ठेवणार, हा विचार. तिने एक युक्ती केली: जुनी सगळी लग्नं एका दमात आकाराने कमी केली, दर्जाची कळ खाली ओढली आणि मूळ पुसून टाकली. एवढा मोठा आस ठेवला की शेवटी पन्नास लग्नं एका लग्नाच्या जागेत मावली. त्या दिवशी तिने दहा-बारा फोटो पडद्यावर बघितलेही होते. डोळ्याला काही फरक कळला नव्हता. ती स्वतःवर खूश होऊन घरी गेली होती.

सर्वेशला दिलेला पेनड्राइव्ह होता, म्हणून तिने त्याला मुंबईला फोन केला. पेनड्राइव्हवर गाणी भरून तो त्याने टेम्पोवाल्या मित्राला दिला होता, कधीच. झालं.

त्यानंतर चार दिवस दमयंतीने तोंड उघडलं नाही. हौसा रस्त्याने जाताना विचारी, "सापडला गो?" आणि ही म्हणे, "शोधत्ये." झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात; पण मूठ आपलीच असली आणि आत काही नाही हे आपल्याला ठाऊक असलं की हात दुखायला लागतो. दमयंतीला जेवण जाईना. कोलंबी तशीच फ्रीजमध्ये राहिली. जन्मभर जी गोष्ट आपला गुण म्हणून मिरवली तीच आडवी आली, याची तिला लाज वाटत होती, आणि नुसती लाज नव्हे, भीती. एका पोरीला बापाचा चेहरा मिळायचा होता, तो हिने जागेसाठी टाकला होता.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तसं सर्वेशने मुंबईहून स्वतःच एक फोटो धाडला. कुठल्याशा ॲपमध्ये जुना फोटो घातला की नवा कोरा मिळतो म्हणे. भावकीच्या ग्रुपवर तो आला आणि वाहवा उसळली. हात जोडलेले, फुलं, दिवे. बाबू गोरापान, तुकतुकीत, दात एका ओळीत, भुवया कोरलेल्या. हौसा तो घेऊन दुकानात आली.

"वयनी, ह्यो कोण?"

दमयंतीने निरखून बघितलं. फोटो स्वच्छ होता, दोष काढायला जागा नव्हती. बारीक रेघांच्या जागी बारीक रेघा होत्या, फक्त त्या बाबूच्या नव्हत्या. यंत्राने हजारो अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधून त्या भरल्या होत्या. गणपती करायला जावं नि मारुती व्हावा, तसं झालं होतं. त्यातही मारुती देखणा झालेला, म्हणून बोलायची पंचाईत.

"सगळी म्हणतात हाच लाव," हौसा म्हणाली. "शमिका म्हणते बाबा हिरोसारखे व्हते. तू तुझा काढ लवकर. नायतर पोरगी ह्येच्या पाया पडंल जन्मभर."

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. दमयंतीने दुकानाचं दार लोटलं आणि आपल्याकडचा पंगतीतला फोटो पडद्यावर उघडला.

"हौसा, हाच मूळ आहे. याच्यापेक्षा चांगला आता जगात कुठे नाही. चांगला होता, तो मी पुसला. जागा होईना म्हणून. मला वाटलं डोळ्याला कळत नाही."

हौसाला कळायला थोडा वेळ लागला. मग ती उभी राहिली. "तू टाकलास?"

"मी टाकला."

"आन् चार दिवस शोधत्ये म्हणालीस?"

"घाबरल्ये होत्ये."

"आमी बाया अडाणी, चौकटी लावून घालवला. तुला तर सगळं ठावं व्हतं. त्या दिवशी मला जाळी शिकवीत व्हतीस!" हौसाचा आवाज चढला. बाहेर कुणीतरी थबकलं आणि पुढे गेलं. दमयंतीने मान खाली घातली नाही, बघत राहिली. ऐकून घेण्याएवढं तरी आपण देणं लागतो असं तिला वाटलं.

हौसा बोलून दमली आणि पुन्हा स्टुलावर बसली. तेव्हा दमयंती हळूच म्हणाली, "मी हाताने काढते. रोलच्या काळात ब्रशने भुवया काढलेल्या आहेत मी, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यात बाहुल्या घातलेल्या आहेत. वण काय, एका रेघेचं काम. तू शेजारी बसून सांग. कसा होता, केवढा होता, तू म्हणशील तसा होईपर्यंत मी उठणार नाही."

तिने माउस हातात घेतला. बाबूचा हसरा चेहरा पडदाभर केला.

"सांग. डावी भुवई की उजवी?"

हौसा पडद्याकडे बघत राहिली. पंखा फिरत होता. दमयंतीला वाटलं अजून रागावली आहे, म्हणून तिने पुन्हा विचारलं. हौसाने डावा हात उचलून आपल्या भुवईला लावला, मग तो काढून उजवा लावला, मग दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"दीर म्हणतो डावी," ती म्हणाली. "जाव म्हणते उजवी."

"तू काय म्हणतेस?"

"मला आठवत नाय गो."

दमयंतीने माउसवरचा हात काढला.

"दोन वर्सं झाली," हौसा पडद्याकडेच बघत म्हणाली. "एक दिवस मासे निवडता निवडता आठवायला गेले, तर नाय. हसणं आठवतंय, चालणं आठवतंय, पाठीमागनं कसा दिसायचा ते आठवतंय. वण व्हता ते आठवतंय. कुठल्या बाजूला, ते गेलं. रोज उशाशी असलेला माणूस. कुणाला सांगू? म्हणून तर मोठा फोटो पायजे व्हता. कुणाला न इचारता बघून घेतला असता."

दमयंतीने हौसाच्या पाठीवर हात ठेवला. हौसा तशी रडणारी बाई नव्हे, पण त्या दिवशी रडली, आणि तिच्याबरोबर दमयंतीही. एवढी वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे बघून ती कधी रडली नव्हती.

डोळे पुसून दमयंती म्हणाली, "एका बाजूला काढू या का? कुणाला कळणार आहे?"

"नको. चुकीच्या बाजूला काढलास तर पोर तेच खरं मानंल. आहे तसाच छाप. नाय ते नाय."

दमयंतीने तसाच केला. एकही रेघ आपल्या पदरची घातली नाही. चौकोनांच्या कडा तेवढ्या जरा बोथट केल्या आणि दापोलीला पाठवून चार फुटांचा फ्लेक्स छापून आणला. फ्लेक्स आला त्या दिवशी शाळा सुटल्यावर हौसा शमिकाला घेऊन दुकानात आली. खोलीत तो पुरता उलगडेना, म्हणून दमयंतीने खुर्च्या रस्त्यावर काढल्या आणि भिंतीला लावून धरला.

शमिका आधी अगदी जवळ गेली. जवळून नुसते धुरकट ठोकळे. मग ती मागे मागे सरकत दारापर्यंत गेली, उंबरा ओलांडून रस्त्यात उभी राहिली. तिथून ठोकळे मिटले आणि वरणाची बादली घेतलेला माणूस तिच्याकडे बघून हसला.

"हिरोसारखे नाय हायत," ती म्हणाली.

"नाय," हौसा म्हणाली.

"माझ्यासारखे हायत. आन् वण कुठाय? तू म्हणायचीस वण व्हता."

दमयंतीने फ्लेक्सची कड घट्ट धरली. तिला वाटलं, हौसाने आपलं नाव सांगावं. काकीने पुसला म्हणावं, ते खरंच होतं, आणि ते सांगणं सोपंही होतं.

"व्हता," हौसा म्हणाली. "फोटोत ऱ्हायला नाय. आन् कुठल्या भुवईला व्हता ते मी इसरले."

शमिकाने आईकडे बघितलं. रागाने नव्हे, नवलाने. आया विसरतात हे तिला नवीन असावं. मग ती आत आली, दप्तर काढून ठेवलं आणि आईसमोर स्टूल सरकवलं.

"मग बाकीचं आताच सांग," ती म्हणाली. "आणखी इसरायच्या आधी."

हौसा बसली. सुरुवात कुठून करावी ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिने चालण्यापासून केली. दमयंतीने फ्लेक्स गुंडाळून बाजूला ठेवला आणि दोघींचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला.